मोखाड्याला शिकलेली बोली

संस्थान विलीन झालं त्या वर्षी मी जव्हारच्या शाळेत मॅट्रिकला होतो. वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरण म्हणजे नेमकं काय, हे आम्हा पोरांना कळलं ते गावातली घरं रिकामी व्हायला लागली तेव्हा. बाहेरून येऊन राहिलेले अधिकारी, त्यांच्या बायका, त्यांच्या मुलांच्या सायकली, सगळं एकामागून एक घाट चढून नाशिककडे नाहीतर उतरून ठाण्याकडे निघून गेलं. कचेरी तिथंच राहिली, तिच्यावरची पाटी तेवढी बदलली. वडील त्याच खुर्चीवर बसायचे, पण घरी आल्यावर पूर्वीसारखे कचेरीतले किस्से सांगायचे नाहीत.

त्यांना इंग्रजीचं फार अप्रूप होतं. स्वतःला जेमतेम वाचता यायची. गाव सोडून जाणाऱ्या एका अधिकाऱ्यानं आपली जुनी इंग्रजी पुस्तकं आमच्या ओसरीवर आणून टाकली, तेव्हा वडिलांनी ती एकेक करून पुसली, फळीवर लावली आणि मला म्हणाले, "राज्य गेलं, पण ही भाषा कुठं जात नाही. तू हिला धरून राहा."

धरून राहिलो. नाशिकला इंटरपर्यंत शिकलो, परत आलो आणि जव्हारच्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. वर्गात कारकुनांची आणि शिक्षकांची मुलं होती, बाजारातल्या गुजराती दुकानदारांची होती, थोडी मुसलमान घरांतली होती. प्रत्येकाची इंग्रजी आपापल्या घरातून चालत यायची. गुजराती मुलाला 'हॉल' आणि 'होल' यांतला फरक ऐकूच यायचा नाही. मुसलमान मुलगा 'स्कूल' म्हणताना आधी एक 'इ' लावायचाच. आमची मराठी मुलं क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलून मोकळी व्हायची. पण मराठीत समजावलं की सगळ्यांना समजायचं, कारण दुकानात, मैदानात, भांडणात सगळीकडं तीच चालायची. मला वाटायचं, इंग्रजी शिकवणं म्हणजे एवढंच.

मग मोखाड्याला आठवीचा वर्ग नव्यानं निघाला. त्या काळी इंग्रजी आठवीपासूनच सुरू व्हायची, तेव्हा तिथं कुणीतरी इंग्रजीचा मास्तर लागणारच होता. मी तरुण, बिनलग्नाचा. मला पाठवलं. आईनं ट्रंकेत लोणच्याची बरणी घातली आणि मी गाडीत बसलो.

मोखाड्याची शाळा म्हणजे एक लांबट कौलारू घर होतं. मधोमध कारवीचा कूड घालून त्याचे दोन भाग केलेले. एका बाजूला प्राथमिकचे वर्ग, दुसऱ्या बाजूला माझी आठवी. कूड वर कौलांपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळं पलीकडचे पाढे इकडं यायचे आणि इकडची इंग्रजी पलीकडं जायची. पलीकडं एक तरुण शिक्षिका शिकवत. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

माझ्या वर्गातली मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरून पायी यायची. डोंगरातल्या शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं, त्यातल्या तीन-चार मुली. मी पुस्तक उचलून दाखवायचो, 'धिस इज अ बुक' म्हणायचो, मुलं एका सुरात म्हणायची. पुढं जाऊन मी मराठीत काही समजावलं, काही विचारलं, की वर्ग गप्प. जव्हारची मुलं चुकीचं का होईना, काहीतरी बोलायची. ही मुलं मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत बसायची. मी आवाज चढवायचो, आणखी सोपं सांगायचो, माझ्या मते सोपं. काही उपयोग नाही.

असाच एकदा 'ऑन' आणि 'अंडर' शिकवत होतो. पुस्तक टेबलावर, पुस्तक टेबलाखाली. पुन्हा पुन्हा सांगून मी घामाघूम झालो. इतक्यात कुडापलीकडून बाईंचा आवाज आला. वेगळ्याच बोलीत, एकच वाक्य. माझा अख्खा वर्ग खदखदून हसला, आणि मग एका मुलीनं उभं राहून मला बरोबर उत्तर दिलं.

मी पलीकडं गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. "माफ करा सर, राहवलं नाही."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"कोंबडी टोपलीखाली आहे, का टोपलीवर? एवढंच."

"मीही तेच सांगत होतो."

"तुम्ही मराठीत सांगत होता," त्या म्हणाल्या. "मराठी त्यांना अजून पाहुणीसारखी आहे, सर. पाहुणीसमोर पोरं बोलत नाहीत."

बाई मूळच्या सूर्यमाळकडच्या. वर डोंगरात त्यांचा पाडा होता. वडील लहानपणीच गेलेले, आई नागली-वरई पिकवणारी. पाड्यावरून सातवी पास झालेल्या त्या पहिल्याच. शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि मोखाड्यात मावशीकडं राहून शाळेत शिकवू लागल्या. त्यांना मॅट्रिक व्हायचं होतं आणि त्यात इंग्रजी आडवी येत होती. मला मुलांची बोली येत नव्हती. दोघांची अडचण एकमेकांसमोर उघडी पडलीच होती. मग ठरलं की शाळा सुटल्यावर मावशीच्या ओट्यावर बसायचं. अर्धा वेळ मी त्यांना इंग्रजी शिकवायची, अर्धा वेळ त्यांनी मला बोली. मावशी शेजारी सूप घेऊन धान्य पाखडत बसायची आणि माझे उच्चार ऐकून तोंडाला पदर लावायची.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "सर, इंग्रजीत 'ळ' आहे का?"

"नाही."

"आणि 'ण'?"

"तोही नाही."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ट्रेनिंगला मी 'डोला' म्हटलं, 'पानी' म्हटलं की सगळ्या हसायच्या. आरशासमोर उभी राहून 'डोळा, डोळा' करायची मी. आणि ह्या भाषेत ते नाहीतच?"

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट वर्गात सांगितली. शुद्ध बोलता येत नाही म्हणून आतापर्यंत बोलणी खाल्लेली ती मुलं. इंग्रजीला 'ळ' लागतच नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी जव्हारच्या वर्गात कधी पाहिलं नव्हतं. एक मुलगा उठून म्हणाला, "मंग ती आमचीच!" त्या दिवसापासून वर्ग बोलायला लागला.

आम्ही पुस्तकातली वाक्यं बाजूला ठेवली. त्या पुस्तकात बर्फ होता, शेकोटीसमोरची खुर्ची होती, बागेतला कुत्रा होता. बाईंनी मला मुलांच्या घरातल्या वस्तू, जनावरं, कामं सांगितली आणि मी त्यांची इंग्रजी वाक्यं केली. नागलीला, म्हणजे नाचणीला, इंग्रजी शब्द मलाही ठाऊक नव्हता, म्हणून 'वी ईट नागली' असंच ठेवलं. पुढं तपासणीला साहेब आले. कोट घातलेले, गंभीर. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "व्हॉट इज नागली?"

मी सांगायला पुढं सरलो. पण वर्गानं मला तोंड उघडू दिलं नाही. एक जण म्हणाला, "नागली इज ब्लॅक, सर." दुसरी म्हणाली, "नागली इज स्मॉल." कुणी म्हणालं, "मदर मेक्स भाकर." आणि मागून एक जण ओरडला, "सर, यू ईट, यू स्ट्राँग!" साहेब हसले. हसू लागल्यावर त्यांना थांबता येईना. कुडापलीकडंही कुणीतरी हसू दाबत होतं, ते मला ओळखू आलं. मला त्या हसण्याची तोवर सवय झाली होती.

दिवाळीनंतर वर्ग रिकामा व्हायला लागला. पाड्यावरची माणसं गवत कापायला, लाकडं तोडायला वसई-भिवंडीकडं जायची. आई-बापांबरोबर मुलंही जायची. सोमवारी एक मूल नाही, गुरुवारी आणखी दोन नाहीत. सांगून कुणी जायचं नाही. शेवटी सतरंजीवर मोजकी मुलं उरली आणि पलीकडचे पाढेही बारीक आवाजात यायला लागले. मी जव्हारहून आलेला, मला हे नवं होतं. बाईंना नवं नव्हतं, तरी त्या रोज सकाळी दारात उभं राहून रस्त्याकडं बघायच्या.

त्या दिवसांत एका संध्याकाळी ओट्यावर त्यांनी विचारलं, "मला पोरांची आठवण येते, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

मी सांगितलं, "आय मिस देम."

"मिस म्हणजे चुकणं ना? गाडी चुकली, तिथं तुम्ही तोच शब्द सांगितला होता."

"दोन्हीला तोच."

"आमच्यात आठवण येते म्हणतात," त्या म्हणाल्या. "ती आपणहून येते, आपण नुसतं बसलेलो असतो." मग त्यांनी ते इंग्रजी वाक्य वहीत लिहून घेतलं आणि मला त्यांच्या बोलीत तेच म्हणायला लावलं. मी चुकलो. पुन्हा म्हणायला लावलं. मावशीनं सूप खाली ठेवलं आणि मी बरोबर म्हणेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

होळीला मुलं परत आली. उन्हानं करपलेली, हातांना गवताचे काप, तोंडात 'अरे भाई' आणि 'जल्दी करो'. वर्ग पुन्हा भरला. होळीनंतर बाईंच्या आईचा निरोप आला की इंग्रजीच्या मास्तरला एकदा वर घेऊन ये. एका रविवारी बाई, मावशी आणि मी सूर्यमाळला चालत गेलो. वाट चढाची, रान वाळलेलं, पळसाची फुलं खाली पडलेली. पाड्याच्या अलीकडं उतारावर एका झऱ्याशी बायका बसल्या होत्या. खड्ड्यात पाणी जमेल तसं वाटीनं भरून घेत होत्या. मी घरात टेकतो न टेकतो तोच बाईंच्या आईनं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्यापुढं ठेवला. ते पाणी कुठून आलंय हे मी येतानाच पाहिलं होतं. मी अर्धंच प्यायलो. त्यांनी खूण करून सगळं प्यायला लावलं.

बाई मधे बसून इकडचं तिकडं सांगत होत्या. आईनं काहीतरी विचारलं आणि बाई ते मराठीत सांगायच्या आधीच मी त्यांच्या बोलीत उत्तर दिलं. आईचा हात तोंडावर गेला. मग त्या माझ्याशी थेट बोलायला लागल्या. शेत, पाणी, मोठा मुलगा मुंबईला गेला तो वर्षातून एकदा येतो, असं सगळं. निम्मं मला कळलं. शेवटी म्हणाल्या, "तुझी इंग्रजी बोलून दाखव." मी दोन-चार वाक्यं बोललो. त्या मन लावून ऐकत होत्या. मग लेकीकडं बघून म्हणाल्या, "बरी आहे ऐकायला. पण ही शिकून तू किती लांब जाशील?"

बाई हसल्या. परतीच्या वाटेवर मावशी पुढं चालत होती, आम्ही मागून. मला ती वाट संपू नये असं वाटत होतं.

पुढच्या वर्षी बाई मॅट्रिक झाल्या. निकाल आला तेव्हा मुलांनी शाळेच्या दाराला आंब्याची पानं बांधली. पुढच्या प्रशिक्षणासाठी त्यांची नाशिकला निवड झाली. मी मेच्या सुट्टीत जव्हारला गेलो आणि आईला सगळं सांगितलं, बाईंशी लग्न करायचं मनात आहे तेही. आमच्या घरच्या मानानं ते सोपं नव्हतं. जात वेगळी, माणसं वेगळी. वडील ऐकून उठून बाहेर गेले. शिरपामाळाकडं फिरायला गेले ते दिवेलागणीला परतले. तिसऱ्या दिवशी आईनं भाकरी थापता थापता म्हटलं, "घेऊन ये तिला. मी सांभाळीन. बोलायचं-चालायचं वळण मी लावीन हळूहळू. तुझ्या वडिलांचं मी बघते."

मला आभाळ ठेंगणं झालं. सुट्टी संपायच्या आधीच मी मोखाड्याला परतलो. शाळा बंद होती. बाई मावशीच्या घरी शाळेतली आपली तक्ते-चित्रं गुंडाळत होत्या. मावशी दारात बसली होती. मी बाईंना सगळं सांगितलं. आई काय म्हणाली तेही, तिच्याच शब्दांत, आनंदानं.

त्यांनी हातातला तक्ता खाली ठेवला. आम्ही एरवी मराठीत बोलायचो, कधी गमतीनं इंग्रजीत. त्या दिवशी त्या आपल्या बोलीत बोलल्या. पहिला शब्द होता 'नीही'. आमच्या 'नाही'पेक्षा तो मऊ आहे, पण अर्थ तोच. मग म्हणाल्या, "तुमची आई भली आहे. मला प्रेमानं वळण लावील. मी 'डोळा' म्हणायला शिकलेच आहे, बाकीचंही शिकेन. मग पोरं होतील. ती शुद्ध मराठी बोलतील, तुमच्याकडून इंग्रजी शिकतील. आणि माझी आई त्यांना भेटायला येईल, तेव्हा ती काय म्हणते हे मला मधे बसून त्यांना सांगावं लागेल."

"मी बोलतो की तुमची बोली," मी म्हणालो. "मुलांशी मीही बोलेन."

"तुम्ही शिकलात," त्या म्हणाल्या. "फार मनापासून शिकलात. पण तुम्हाला ती बोलायला कुणीतरी समोर लागतं, सर. घरात माझ्याशिवाय कोण असेल?"

एक शब्दसुद्धा मला पुन्हा विचारावा लागला नाही. आदल्या वर्षी हेच त्या बोलल्या असत्या, तर निम्मं कळलं नसतं आणि मी हट्ट धरला असता. मी म्हणालो, "तुमच्या मनात माझ्याविषयी काही नाही, असं आहे का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तसं असतं तर मराठीत सांगितलं असतं," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून तक्ते बांधायला लागल्या. दारातली मावशी डोळे पुसत होती.

पावसाच्या तोंडाला त्या नाशिकला गेल्या. गाडीवर सोडायला त्यांची आई सूर्यमाळवरून चालत आली होती. मुलंही जमली होती. गाडी सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी राहून लेकीला काय काय सांगत होती. सांभाळून राहा, पोटभर जेव, थंडीत अंगावर घे. गाडी वळणावर गेली तशी आईनं माझ्याकडं बघितलं आणि त्या म्हणाल्या, "गेली रे पोरगी." मी त्यांना बाजारात नेऊन चहा पाजला. वर जायला उशीर होईल म्हणून त्या बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच प्यायल्या आणि निघाल्या.

मी आणखी दोन वर्षं मोखाड्याला होतो. कुडापलीकडं घाटावरचे एक गुरुजी आले. चांगले होते, पण त्यांचे पाढे मी कधी कान देऊन ऐकले नाहीत. आता वर्ग अडला की मीच मुलांच्या बोलीत सांगायचो. मुलं माझ्या चुका सुधारायची आणि मी त्यांच्या. शिकवणं चांगलं चाललं होतं, बहुधा माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. तरी एखादं वाक्य जमून गेलं, मुलं एकदम उजळली, की माझी नजर कुडाच्या वरच्या फटीकडं जायची. पलीकडून कुणीतरी ऐकायला हवं होतं.

दिवाळीनंतर मुलं गेली की मी रविवारी सूर्यमाळच्या वाटेनं थोडं चढून यायचो. दोनदा पाड्यापर्यंत गेलो. बाईंच्या आईनं बसवलं, पाणी दिलं, लेकीची खुशाली सांगितली. ती आता सुरगाण्याकडच्या शाळेत लागली, तिथं पोरं आपलीच बोली बोलतात, म्हणाली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा लेकीचं लग्न ठरल्याचं कळलं. नवराही शिक्षक, त्यांच्यातलाच. त्यानंतर मी वर गेलो नाही.

जव्हारला बदली झाली. वर्षभरानं माझंही लग्न झालं. बायको वाडा गावाकडची, समंजस, हसरी. संसार चांगला झाला, हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. वडील निवृत्त झाले होते. ते माझ्या मुलाला मांडीवर घेऊन फळीवरच्या त्या जुन्या पुस्तकांतली चित्रं दाखवायचे.

बाईंना मी एकदाच पाहिलं, जव्हारच्या दसऱ्याला. गर्दीत त्या नवऱ्याबरोबर होत्या, कडेवर मूल. त्यांनीच मला आधी ओळखलं. नवऱ्याला म्हणाल्या, "हे माझे इंग्रजीचे सर." तो वाकून नमस्कार करायला लागला, मी त्याला अडवलं. आम्ही चौघं मिठाईच्या दुकानाशी उभे होतो. मी कडेवरच्या मुलाला त्यांच्या बोलीत नाव विचारलं. त्यानं लाजून आईच्या खांद्यावर तोंड लपवलं. बाई म्हणाल्या, "अजून विसरला नाहीत." मी म्हणालो, "नाही." आई बरी आहे का, विचारलं. बरी आहे, म्हणाल्या. मग ढोल वाजत आले, गर्दीचा लोंढा मधे आला आणि ती तिघं पलीकडच्या बाजूला गेली.

आमच्या शाळेत वसतिगृहातली मुलं शिकायला यायची, मोखाड्याकडची, डोंगरातली. मधल्या सुट्टीत ती पटांगणात खेळायची, एकमेकांवर ओरडायची, भांडायची, सगळं आपल्या बोलीत. मी शिक्षकांच्या खोलीत न बसता खिडकीशी जाऊन उभा राहायचो. कोण कुणाला काय म्हणाला, कुणाची गोटी कुणी लपवली, सगळं कळायचं. सहकाऱ्यांना वाटायचं, मी मुलांवर लक्ष ठेवतोय. घंटा व्हायची. मुलं पाय आपटत वर्गात यायची, जागेवर बसायची आणि मी आत आलो की गप्प व्हायची. मी क्षणभर तसाच उभा राहायचो. त्यांच्यातलं कुणी चुकून आणखी एखादं वाक्य बोलेल म्हणून.